पहिलं मत कुणाला द्यायचं? ठरवण्याची एक पद्धत

यादीत नाव आलं, ओळखपत्र हातात पडलं, की खरा प्रश्न उभा राहतो: मत द्यायचं कुणाला? घरात एक पक्ष वर्षानुवर्षं ठरलेला असतो, कॉलेजच्या ग्रुपवर दुसऱ्याचीच हवा असते आणि प्रचाराच्या रिक्षा दिवसभर तिसऱ्याचं नाव कानावर आदळत असतात. या गलबल्यातून स्वतःचं मत काढायला थोडी बैठक मारावी लागते. तीन-चार संध्याकाळी पुरतात.

हा लेख महाराष्ट्रात पहिल्यांदा मतदान करणाऱ्यांसाठी आहे. कुणाला मत द्या, हे मी सांगणार नाही. मला क्रमाबद्दल बोलायचं आहे. बहुतेक जण आधी नेता पाहतात, मग पक्ष, मग जमलंच तर उमेदवार. आणि तो उमेदवार ज्या पदासाठी उभा आहे त्या पदाचं काम काय, इथपर्यंत पोचतच नाहीत. हा क्रम उलटा करा. आधी पद, मग उमेदवार, मग पक्ष, आणि भाषणं व घोषणा सगळ्यात शेवटी.

सुरुवातीला एक छोटं काम

मतदार यादीत आपलं नाव आहे का, हे आजच पाहून घ्या. ओळखपत्र असणं आणि यादीत नाव असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मतदान यादीवर होतं. निवडणूक आयोगाच्या मतदार सेवा पोर्टलवर, आयोगाच्या ॲपवर किंवा १९५० या क्रमांकावर चौकशी करता येते. नवं नाव घालायचं असेल तर अर्ज क्रमांक ६, पत्ता बदलायचा किंवा चूक दुरुस्त करायची असेल तर अर्ज क्रमांक ८. वयाची अठरा वर्षं मोजण्यासाठी आता वर्षात चार तारखा आहेत: १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर. लोकसभा-विधानसभेला उमेदवारी अर्ज भरण्याची मुदत संपली की यादीत नवं नाव येत नाही. स्थानिक निवडणुकांना विधानसभेचीच यादी वापरतात, पण कुठल्या तारखेची ते राज्य निवडणूक आयोग आधीच ठरवून टाकतो. म्हणून निवडणूक जाहीर व्हायची वाट पाहू नका.

निवडणूक कशाची आहे?

हा प्रश्न बाळबोध वाटेल, पण सगळी मेख इथेच आहे. रस्त्यातला खड्डा घ्या. तो गल्लीत असेल तर महापालिकेचा किंवा नगरपरिषदेचा. तोच खड्डा राज्य महामार्गावर असेल तर राज्याच्या सार्वजनिक बांधकाम विभागाचा, आणि राष्ट्रीय महामार्गावर असेल तर केंद्राच्या अखत्यारीतला. खड्डा दिसायला सारखाच, पण त्याचा जाब विचारायची माणसं तीन आणि निवडणुकाही तीन.

ढोबळ वाटणी अशी. संरक्षण, परराष्ट्र व्यवहार, रेल्वे, चलन, आयात-निर्यात हे केंद्राकडे, म्हणजे लोकसभेच्या निवडणुकीचे विषय. डिसेंबर २०२३ मध्ये कांद्याची निर्यात बंद झाली, तो निर्णय केंद्राचा होता. त्याचा राग जिल्हा परिषदेच्या उमेदवारावर काढून हाती काही लागत नाही. पोलीस, सरकारी दवाखाने, शेती, पाटबंधारे, जमिनीचे कायदे, एसटी आणि महावितरण हे राज्याकडे, म्हणजे विधानसभेचे. शिक्षण दोघांच्या सामाईक यादीत आहे, त्यामुळे तिथे दोघांनाही विचारायचं. नळाचं पाणी, कचरा, गटारं, दिवाबत्ती, बांधकाम परवानग्या, शहर बससेवा या गोष्टी शहरात महापालिका-नगरपरिषदेच्या. गावाकडे हाच भार ग्रामपंचायत, पंचायत समिती आणि जिल्हा परिषद यांच्यात वाटला जातो.

आता हे प्रचाराला लावून पाहा. नगरसेवकपदाचा उमेदवार सीमेवरच्या शत्रूबद्दल गरजत असेल, तर महापालिकेच्या पाणीपुरवठ्याबद्दल त्याच्याकडे बोलायला काय आहे, हे बघा. उलटही होतं. लोकसभेचा उमेदवार आपण बसवलेल्या बाकांची आणि समाजमंदिरांची यादी वाचून दाखवतो. खासदाराच्या स्थानिक विकास निधीची मर्यादा वर्षाला ५ कोटी रुपये आहे. महाराष्ट्रात लोकसभेचे ४८ आणि विधानसभेचे २८८ मतदारसंघ, म्हणजे एका खासदाराच्या वाट्याला विधानसभेचे सहा मतदारसंघ येतात. हा निधी सहा मतदारसंघांत पसरला की एकेका गावाच्या वाट्याला किती उरेल, याचा हिशोब कुणीही करू शकेल. शिवाय ते पैसे खासदाराच्या हातात येत नाहीत. तो काम सुचवतो, जिल्हा प्रशासन ते करतं. बाकं वाईट नाहीत. पण खासदाराचं मुख्य काम कायदे करणं, अर्थसंकल्पावर बोलणं आणि सरकारला प्रश्न विचारणं हे आहे, आणि त्याला मोजायचं ते त्यावर.

हे झालं की एका कागदावर आपले तीन प्रश्न लिहा. तीनच, आणि या निवडणुकीच्या पदाला लागू पडणारे. 'विकास हवा' असं लिहू नका. 'आमच्या भागात पाणी दिवसाआड येतं, ते रोज यावं' असं लिहा. 'जिल्हा रुग्णालयात संध्याकाळनंतर डॉक्टर असावा' असं लिहा. तुमच्या आयुष्याशी थेट संबंध नसलेला, पण मनापासून महत्त्वाचा वाटणारा प्रश्नही यात बसतो: दुसऱ्या समाजाच्या माणसाला न्याय मिळतो का, झाडं तोडली जातात का, सरकारवर टीका करणारा सुरक्षित आहे का. मत केवळ स्वतःच्या गल्लीपुरतं असावं, असा काही नियम नाही.

हातात किती दिवस असतात?

लोकसभा-विधानसभेला अर्ज भरणं, छाननी आणि माघार हे टप्पे संपले की अंतिम उमेदवारांची यादी लागते. कायद्याने माघारीची मुदत संपल्यापासून मतदानापर्यंत किमान दोन आठवड्यांचं अंतर ठेवावं लागतं. तुमचा अभ्यास याच दोन आठवड्यांतला. स्थानिक निवडणुकांना वेळ याहून कमी मिळू शकतो, त्यामुळे तिथे अर्ज भरले जाताच कामाला लागा. सगळे उमेदवार तपासायची गरज नाही. ज्यांना मत द्यायचा विचार मनात येऊ शकतो, असे तीन किंवा चार निवडा. त्यात एक तरी असा ठेवा, ज्याला घरातले कुणी कधीच मत देणार नाहीत.

प्रतिज्ञापत्र उघडा

या संपूर्ण लेखातली एकच गोष्ट करायला वेळ असेल, तर ही करा. प्रत्येक उमेदवाराला अर्जासोबत शपथेवर एक प्रतिज्ञापत्र द्यावं लागतं. लोकसभा-विधानसभेला त्याला नमुना २६ म्हणतात. हा हक्क आपल्याला सहज मिळालेला नाही. 'असोसिएशन फॉर डेमोक्रॅटिक रिफॉर्म्स' ही संस्था न्यायालयात गेली आणि २ मे २००२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की उमेदवाराची पार्श्वभूमी जाणून घेणं हा मतदाराचा मूलभूत हक्क आहे. संसदेने कायदा करून तो आकसवायचा प्रयत्न केला, तेव्हा मार्च २००३ मध्ये न्यायालयाने ती तरतूदच रद्द केली. इतकं भांडून मिळालेला कागद आपण उघडूनही बघत नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

तो मिळतो कुठे? निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर उमेदवारांच्या प्रतिज्ञापत्रांचा वेगळा विभाग आहे; आयोगाच्या ॲपवरही ती पाहता येतात. वर सांगितलेल्या संस्थेचं 'मायनेता' हे संकेतस्थळ तीच माहिती सोप्या तक्त्यांत मांडतं आणि जुन्या निवडणुकांची प्रतिज्ञापत्रंही तिथे सापडतात. महापालिका-जिल्हा परिषदेसाठी राज्य निवडणूक आयोगाचं संकेतस्थळ पाहा, नाहीतर निवडणूक निर्णय अधिकाऱ्याच्या कार्यालयातला फलक. कागद लांबलचक असतो. घाबरू नका. नमुना २६ चा भाग 'ब' म्हणजे सगळ्याचा गोषवारा; आधी तो वाचा, मग संशय येईल तिथे भाग 'अ' मध्ये शिरा.

गुन्ह्यांचा रकाना वाचताना केवळ आकडा मोजून थांबू नका. 'याच्यावर नऊ केसेस आहेत' एवढ्याने काही कळत नाही. कलमं बघा. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली, त्यामुळे जुन्या प्रकरणांत भारतीय दंड विधानाचे आकडे दिसतील आणि नव्यांत संहितेचे. बेकायदा जमाव (जुनं कलम १४३, नवं १८९) आणि सरकारी आदेश मोडणं (जुनं १८८, नवं २२३) ही कलमं मोर्चे, रास्ता रोको, धरणं यांत हमखास लागतात. लोकांच्या प्रश्नावर रस्त्यावर उतरणाऱ्या कार्यकर्त्याच्या नावावर ती असणारच. फसवणूक (जुनं ४२०, नवं ३१८), खंडणी (जुनं ३८४, नवं ३०८), खुनाचा प्रयत्न (जुनं ३०७, नवं १०९) आणि महिलांवरच्या अत्याचाराची कलमं ही वेगळ्या जातीची. त्यानंतर बघा की न्यायालयाने दोषारोप निश्चित केले आहेत का. नुसती तक्रार दाखल होणं आणि पुरावे पाहून न्यायालयाने दोषारोप ठेवणं यांत मोठं अंतर आहे. आरोप म्हणजे दोष नव्हे, हे खरं. कायदाही तेच म्हणतो: दोन वर्षं किंवा त्याहून जास्त शिक्षा झाली तरच बहुतेक गुन्ह्यांत अपात्रता येते, खटला चालू असताना नाही. पण कायद्याने उभं राहता येणं वेगळं आणि आपण मत देणं वेगळं. खंडणीचे दोषारोप निश्चित झालेल्या माणसाला, तो निर्दोष सुटेपर्यंत, मी तरी मत देत नाही.

गुन्हे असलेल्या उमेदवाराला ते प्रचाराच्या काळात तीन वेळा वर्तमानपत्रात आणि वाहिन्यांवर जाहीर करावे लागतात. आणि फेब्रुवारी २०२० च्या निकालानंतर पक्षालाही सांगावं लागतं की दुसरा स्वच्छ माणूस सोडून यालाच तिकीट का दिलं. 'हा निवडून येऊ शकतो' एवढं कारण चालत नाही. पक्षाने दिलेलं ते कारण शोधून वाचा. कारण पटण्यासारखं आहे की निव्वळ रकाना भरण्यापुरतं आहे, हे दोन ओळींत कळतं.

आता मालमत्ता. इथेही नुसता आकडा फसवतो. समजा, एकाने पाच वर्षांपूर्वी ८० लाखांची मालमत्ता दाखवली होती आणि यंदा ४ कोटी २० लाखांची दाखवली आहे. वाढ ३ कोटी ४० लाखांची. लगेच निष्कर्षावर येऊ नका, स्थावर मालमत्तेचा तक्ता उघडा. प्रत्येक जमिनीपुढे ती वारसाने आली की विकत घेतली, केव्हा घेतली, तेव्हाची किंमत काय आणि आजच्या बाजारभावाने किती, हे लिहिलेलं असतं. वडिलोपार्जित जमिनीशेजारून नवा रस्ता गेला आणि तिचा भाव ५० लाखांवरून अडीच कोटींवर गेला, तर २ कोटींचा उलगडा तिथेच झाला. उरले १ कोटी ४० लाख. आता उत्पन्नाचा तक्ता: उमेदवार आणि जोडीदार यांच्या पाच वर्षांच्या प्राप्तिकर विवरणपत्रांत मिळून ३५ लाख. दायित्वांच्या रकान्यात नवं कर्ज २० लाख. म्हणजे पाच वर्षांत घरखर्चाला एक रुपया लागला नाही असं धरलं, तरी ५५ लाखांचाच मेळ बसतो. ८५ लाखांचा बसत नाही. हा गुन्ह्याचा पुरावा नाही. शेतीच्या उत्पन्नावर प्राप्तिकर नसतो, शेअरचे भाव चढतात, कुणी बक्षीसपत्राने काही दिलेलं असतं. पण उमेदवाराला विचारावा असा नेमका प्रश्न तुमच्या हातात आला. 'तुम्ही भ्रष्ट आहात का?' या प्रश्नाला भाषण ऐकायला मिळतं. 'हे ८५ लाख कुठून आले?' या प्रश्नाला उत्तर द्यावं लागतं.

जोडीदार आणि अवलंबितांचे रकाने चुकवू नका. उमेदवाराच्या नावावर एक जुनी गाडी आणि पत्नीच्या नावावर चार भूखंड, हे सर्रास दिसतं. सरकारी कंत्राटांचा रकानाही वाचा. स्थानिक निवडणुकांत तर तो सगळ्यात आधी बघावा, कारण ठेकेदारी आणि नगरसेवकपद एकाच घरात असलं की रस्ता कुणी बांधला आणि तपासला कुणी, याचं उत्तर एकच येतं. महापालिकेच्या कंत्राटात स्वतःचा वाटा असलेला माणूस कायद्यानेच अपात्र ठरतो. भावाच्या किंवा मेहुण्याच्या नावाने काय चालतं, ते परिसरातल्या लोकांना विचारून कळतं. शिक्षणाच्या रकान्याला मी फार किंमत देत नाही. चौथी शिकलेली सरपंच बाई ग्रामसभेत हिशोबाचं पान न् पान वाचून घेते आणि पदवीधर सदस्य सही करून मोकळा होतो, असं गावोगाव घडतं.

एक मर्यादा लक्षात ठेवा. प्रतिज्ञापत्रातली माहिती खरी आहे का, याची तपासणी निवडणूक निर्णय अधिकारी करत नाही. खोटी माहिती देणं किंवा लपवणं हा गुन्हा आहे, सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते, पण ते सगळं नंतरचं. म्हणून कागद वाचल्यावर ओळखीतल्या दोन-तीन वेगवेगळ्या माणसांना विचारा. उमेदवाराच्या गावचा कुणी, त्याच्या संस्थेत नोकरी केलेला कुणी, त्याच्याकडे काम घेऊन गेलेला कुणी.

पूर्वी निवडून आला असेल तर

खासदाराची हजेरी, विचारलेले प्रश्न आणि चर्चेतला सहभाग संसदेच्या संकेतस्थळावर मिळतो. 'पीआरएस लेजिस्लेटिव्ह रिसर्च' ही संस्था तो एकत्र मांडते. मुंबईत 'प्रजा फाउंडेशन' आमदार आणि नगरसेवकांच्या कामाची प्रगतिपुस्तकं काढतं. मंत्री हजेरीपटावर सही करत नाहीत आणि प्रश्नही विचारत नाहीत, त्यांनी उत्तरं द्यायची असतात. तेव्हा मंत्र्याच्या नावापुढे शून्य दिसलं तर तो आळशी ठरत नाही. आणि प्रश्नांची संख्या मोजण्याऐवजी चार प्रश्न उघडून वाचा. ते मतदारसंघाचे आहेत, की कुठल्या तरी एकाच उद्योगाभोवती फिरतात?

स्थानिक पातळीवर नोंदी शोधणं अवघड जातं. सर्वसाधारण सभेची इतिवृत्तं माहिती अधिकारात मागता येतात, पण त्याला तीस दिवस लागू शकतात, तेव्हा अर्ज आधीच टाकायला हवा. शिवाय मुंबई-पुण्यासह अनेक महापालिकांत २०२२ पासून कित्येक वर्षं प्रशासकांचा कारभार होता. त्या काळात झालेल्या कामांचं श्रेय कुणी माजी नगरसेवक फलक लावून घेत असेल, तर तो तेव्हा पदावर नव्हता हे ध्यानात असू द्या. मात्र पद नसतानाही जो पाण्यासाठी वॉर्ड ऑफिसच्या पायऱ्या झिजवत होता, त्याच्या बाजूने ही फार मोठी नोंद आहे.

माणूस चांगला, पक्ष नको. मग?

नवा मतदार इथे अडतो, आणि याचं सरसकट उत्तर नाही. विधिमंडळ आणि संसदेत पक्षाचा व्हिप, म्हणजे मतदान कसं करायचं याचा आदेश, असतो. १९८५ साली राज्यघटनेत पक्षांतरबंदीचं दहावं परिशिष्ट आलं, तेव्हापासून व्हिप मोडून मतदान करणाऱ्या सदस्याचं पद जाऊ शकतं. म्हणजे तुमचा सज्जन आमदार एखाद्या विधेयकाच्या मनातून कितीही विरोधात असला, तरी सभागृहात हात बहुधा पक्ष सांगेल तसाच वर करणार. त्यामुळे लोकसभा-विधानसभेला पक्षाचं वजन जास्त धरावं, असं माझं मत आहे. तिथे तुम्ही सरकारही निवडत असता. नगरपरिषद, महापालिका, ग्रामपंचायत यांत माणसाचं वजन जास्त धरावं, कारण तिथलं बरंचसं काम पाठपुराव्याचं असतं आणि तो माणूस तुम्हाला रोज भेटणार असतो. पक्षांतरबंदीचा कायदा स्थानिक संस्थांनाही आहे, पण गटारीच्या कामाला व्हिप निघत नाही.

पक्ष तपासताना त्याच्या आजच्या घोषणा बाजूला ठेवा आणि जिथे तो सत्तेत आहे किंवा होता तिथे त्याने तुमच्या तीन प्रश्नांचं काय केलं ते पाहा. २०२२ आणि २०२३ या दोन वर्षांत राज्यातले दोन मोठे पक्ष फुटले. नावं सारखी, जुने चेहरे दोन्हीकडे, चिन्हं मात्र वेगळी. तेव्हा 'आमचं घर या पक्षाचं' म्हणताना नेमका कुठला, हे एकदा विचारून घ्या. उमेदवाराने पक्ष बदलला असेल तर त्याला कारण विचारा. तत्त्वावरून बाहेर पडलेला माणूस कारण सांगताना चाचरत नाही.

जाहीरनामा पुरता वाचायची गरज नाही. आपले तीन प्रश्न त्यात शोधा आणि प्रत्येकापुढे पैसा कुठून येणार, हे लिहिलंय का बघा. वचनांसाठी पैसा कसा उभा करणार हे ढोबळमानाने सांगणं आचारसंहितेत अपेक्षित आहे. मागच्या निवडणुकीचा जाहीरनामा सापडला तर तो शेजारी ठेवा. तीच ओळ पुन्हा छापलेली दिसली की बरंच कळतं.

उमेदवाराला भेटा

पदयात्रेत हात जोडून उमेदवार दारात येतो तेव्हा त्याच्याकडे अर्धा मिनिट असतो. कोपरा सभेत जरा बरं. सभा संपल्यावर मंचाखाली गर्दी पांगत असते, तेव्हा गाठा. प्रश्न असा विचारा की 'हो, नक्की करू' हे उत्तर पुरणार नाही. 'दादा, पाण्याचं बघा' असं म्हणालात तर 'बघतो' एवढंच मिळेल. त्याऐवजी: 'ताई, आमच्या भागात टाकी बांधून तयार आहे, पण जलवाहिनी जोडलेली नाही. ती कुणाच्या टेबलावर अडली आहे आणि निवडून आल्यावर पहिल्या वर्षात तुम्ही काय करणार?' उत्तर येत नसेल तर तेही चालेल. 'मला माहीत नाही, पण उद्या चौकशी करून सांगते' असं म्हणून खरोखरच फोन करणारी उमेदवार माझ्या लेखी तोंडपाठ उत्तर देणाऱ्यापेक्षा सरस. आणि प्रश्न विचारल्यावर भोवतालचे कार्यकर्ते तुमच्याशी कसे वागतात, तेही बघा. निवडून आल्यावर तुमची गाठ त्यांच्याशीच पडणार आहे.

'तुझं मत वाया जाईल'

हे वाक्य तुम्हाला ऐकवलं जाणारच. आपल्याकडे ज्याला सगळ्यांत जास्त मतं तो निवडून येतो, निम्मी मतं मिळवायची अट नाही. त्यामुळे तिरंगी-चौरंगी लढतीत विचार करावा लागतो, हे मान्य. दोन मोठ्या उमेदवारांपैकी एक निवडून आला तर फार नुकसान होईल असं तुम्हाला मनापासून वाटत असेल, तर त्याला हरवू शकणाऱ्या दुसऱ्याला मत देणं हा पूर्ण प्रामाणिक निर्णय आहे. पण दोघांत तुम्हाला फरकच दिसत नसेल, तर आवडलेल्या लहान उमेदवाराला मत द्या. हरलेल्यालाही मतांचा उपयोग होतो: एकूण वैध मतांच्या एक षष्ठांशाहून जास्त मतं मिळाली तर अनामत वाचते, पक्षाची राज्य पातळीवरची मान्यता मतांच्या टक्केवारीवरही ठरते, आणि पुढच्या वेळी मोठे पक्षही त्या मतांचा अंदाज घेऊन तिकीट देतात.

'नोटा'चं, म्हणजे 'वरीलपैकी कुणीही नाही' हे बटण सप्टेंबर २०१३ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने आलं. लोकसभा-विधानसभेत नोटाला कितीही मतं पडली तरी उमेदवारांमधला पहिला निवडून येतोच. म्हणून नोटा दाबण्यापूर्वी अपक्षांची प्रतिज्ञापत्रं एकदा चाळा. कुणीच योग्य वाटला नाही, तर नोटा दाबायला संकोच नको; घरी बसण्यापेक्षा ते केव्हाही बरं, कारण निदान तुमची नाराजी मोजली जाते.

दबाव, पैसे आणि शपथा

'कुणी कुणाला मत दिलं ते आम्हाला कळतं' असं गावात दटावतात. केंद्रनिहाय मतांचे आकडे नंतर जाहीर होतात, एवढंच त्यात खरं. त्या केंद्रावर कुणाला किती मतं पडली ते कळतं. तुमचं मत कुठे गेलं ते कुणालाही कळत नाही, आणि ते सांगायची सक्ती तुमच्यावर न्यायालयही करू शकत नाही. मतासाठी पैसे किंवा वस्तू देणं जसा गुन्हा आहे, तसंच घेणंही. असं काही दिसलं तर आयोगाच्या 'सी-व्हिजिल' सुविधेत फोटो किंवा व्हिडिओ टाकून नाव न देता तक्रार करता येते. बेल-भंडारा उचलायला लावून मताची शपथ घ्यायला लावतात, हे तर सगळ्यांना ठाऊक आहे. देवाच्या कोपाची भीती घालून मत मागणं कायद्याने गैरप्रकार ठरतं. जबरदस्तीने घ्यायला लावलेल्या शपथेचं ओझं कुणी डोक्यावर घेऊन मतदान केंद्रात जाऊ नये, असं मला कळकळीने सांगायचं आहे.

घरच्यांशी मात्र भांडू नका. आई-बाबा एखाद्या पक्षाला वर्षानुवर्षं मत देत असतील, तर त्यामागे काही अनुभव असतो. तो विचारा. मग आपला निर्णय आपण घ्या. तो सांगायचा की नाही, हेही आपणच ठरवा.

शेवटचे दोन दिवस आणि मतदान

लोकसभा-विधानसभेला मतदान संपण्याच्या वेळेआधीचे ४८ तास जाहीर प्रचार बंद असतो. नेमक्या याच वेळात व्हॉट्सॲपवर 'अमुक उमेदवाराने माघार घेतली', 'तमुकला अटक झाली' असले निरोप फिरतात. माघारीची मुदत कधीच संपलेली असते, हे आठवलं तरी पहिला निरोप आपोआप खोटा ठरतो. या दोन दिवसांत नवीन काही ऐकू नका. आपला तीन प्रश्नांचा कागद काढा, प्रत्येक उमेदवारापुढे दोन ओळी लिहा आणि नाव ठरवून टाका.

एकूण किती मतं द्यायची आहेत, तेही आधी माहीत हवं. लोकसभा-विधानसभेला एकच. मुंबई महापालिकेतही एकच. इतर महापालिकांत एका प्रभागातून अनेक जागा असतात, बहुतेक ठिकाणी चार, आणि अ, ब, क, ड अशा प्रत्येक जागेसाठी वेगळं मत द्यायचं असतं. नगरपरिषदेत प्रभागाच्या सदस्यांसाठी मतं आणि नगराध्यक्षासाठी आणखी एक. जिल्हा परिषदेच्या वेळी एक गटासाठी आणि एक पंचायत समितीच्या गणासाठी. पॅनेलचे कार्यकर्ते 'चारही बटणं आपलीच दाबा' म्हणतील. चार जागांना चार वेगळ्या पक्षांचे उमेदवार निवडायला काहीही आडकाठी नाही. एखाद्या जागेसाठी कुणीच नको असेल तर त्या जागेपुढचं नोटा दाबा. नावं लक्षात राहणार नसतील तर घरी उजळणी करून निघा, कारण आत मोबाइल चालत नाही.

सोबत मतदार ओळखपत्र न्या. ते नसेल तर आधार, पॅन, वाहन परवाना, पारपत्र यांसारखं आयोगाने मान्य केलेलं दुसरं छायाचित्र असलेलं ओळखपत्रही चालतं. सारख्या नावाचे उमेदवार मुद्दाम उभे केले जातात, म्हणून चिन्ह पाहा. लोकसभा-विधानसभेला यंत्रावर नावाशेजारी उमेदवाराचा फोटोही असतो. तुमच्या नावावर आधीच कुणी मत देऊन गेलं असेल तर परत फिरू नका. केंद्राध्यक्षाकडे प्रदत्त मत मागा. ओळख पटली की ते तुम्हाला कागदी मतपत्रिकेवर मत देऊ देतात. बटण दाबल्यावर, व्हीव्हीपॅट (मताची चिठ्ठी दाखवणारं यंत्र) असेल तिथे, काचेमागे चिठ्ठी सात सेकंद दिसते: अनुक्रमांक, नाव, चिन्ह. ती नीट वाचूनच बाहेर या. चिठ्ठीवर दुसरंच नाव उमटलं असं खरोखर दिसलं, तर तिथेच केंद्राध्यक्षाला सांगा. ते लेखी जबाब घेऊन सगळ्या प्रतिनिधींसमोर चाचणी मत घेतात. तक्रार खोटी निघाली तर तुमच्यावर कारवाई होऊ शकते, म्हणून पक्की खात्री असेल तरच तोंड उघडा.